आधी बारदाना

हार्ड डिस्क मरते तेव्हा फार गाजावाजा करत नाही. टक, टक, टक. थोडी थांबते, पुन्हा टक. आतली चकती फिरत असते, तिच्यावरचं वाचणारं टोक आपली जागा शोधत असतं, आणि सापडली नाही की मागे येऊन पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतं. माझी दोन टीबीची डिस्क दिवाळीच्या आदल्या आठवड्यात असा आवाज करू लागली. बाहेर बांध्यांमध्ये हलक्या धानाची कापणी चालली होती आणि मी टेबलाशी कान लावून बसलो होतो.

"बॅकअप आहे ना?" बायकोनं विचारलं.

"आहे. सगळं वर आहे."

"मग आणा खाली."

ते खाली आणायला मला सतरा दिवस लागले. त्यातले निम्मे तरी माझ्या अडाणीपणाचे होते. गावात आणखी दोघांवर हीच पाळी आल्यावर ते माझ्याकडे विचारायला आले, तेव्हा वाटलं की हे एकदा नीट लिहून काढावं. माझा माल कोणत्या कंपनीकडे होता ते सांगत नाही. चूक बहुतेक माझीच होती आणि तीच चूक कोणाकडेही माल ठेवला तरी करता येते.

आधी माल किती होता ते सांगतो. साधारण 1,10,000 फोटो, एकेक सरासरी चार एमबीचा, म्हणजे साडेचारशे जीबीच्या आसपास. स्कॅन केलेली कागदपत्रं, जुने हिशेब, गावच्या मंडळाच्या स्मरणिका, महाशिवरात्रीच्या यात्रेची दरवर्षीची टिपणं, असे पन्नास जीबी. उरलेले सातशे जीबी व्हिडिओ. मला झाडीपट्टीतल्या नाटकांचं चित्रीकरण करायचा नाद आहे. आमच्याकडचं नाटक रात्री दहाला पडदा उघडून पहाटेपर्यंत चालतं. माझा कॅमेरा सेकंदाला 24 मेगाबिट या हिशेबानं टिपतो, म्हणजे तासाला जवळपास 11 जीबी. सहा तासांचं एक नाटक 65 जीबी खातं. अशी दहा नाटकं. एकूण 1200 जीबी, म्हणजे 1.2 टीबी.

हा माल वर चढवताना मला काहीच कळलं नव्हतं, आणि खरी मेख तिथेच आहे. चार वर्षांत तो चढला. चार वर्षांना वाटून टाकला तर रोज एक जीबीसुद्धा पडत नाही. माझ्या तारेचा वर चढवायचा वेग सेकंदाला 10 मेगाबिट धरला तर रोजचं काम सरासरी अकरा मिनिटांचं. रात्री जेवताना होऊन जाणारं. खाली आणताना मात्र चार वर्षांची अकरा-अकरा मिनिटं एकदम समोर उभी राहतात.

गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. धान चार-साडेचार महिने बांधीत निवांत वाढतं, आणि खरेदी केंद्र उघडलं की सगळ्यांचं एकाच पंधरवड्यात काट्यावर येतं. टोकन, रांग, ट्रॅक्टर. आणि ज्या दिवशी तुमचा नंबर लागतो त्या दिवशी बारदाना संपलेला असतो. धान आहे, काटा आहे, हमाल आहेत, पण भरायला पोती नाहीत म्हणून सगळं ठप्प. हा बारदाना पुढे पुन्हा येणार आहे.

पहिला गोंधळ बिट आणि बाइटचा. तार देणारा सांगतो "तीस एमबीपीएस", आणि आपण समजतो सेकंदाला तीस एमबी. ते मेगाबिट असतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून तीसला आठाने भागायचं: सेकंदाला पावणेचार एमबी. एक जीबी यायला साडेचार मिनिटं. 1200 जीबीला 89 तास, म्हणजे पावणेचार दिवस, तेही तार एक क्षण न थांबता पूर्ण वेगानं वाहिली तर. शंभर मेगाबिटांच्या तारेवर हेच काम 27 तासांचं.

ही तार आमच्यापर्यंत यायलाच किती वर्षं गेली. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना 2011 मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट पडलं. आमचं गाव नागरा गोंदियापासून पाच-सहा किलोमीटरवर, बालाघाटच्या रस्त्याला, त्यामुळे आमच्याकडे तरी आता घरात तार आहे. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी हिशेब करून पाहावा: रोजचे दोन जीबी मिळतात, त्यातला एकही थेंब दुसरीकडे न सांडता 1200 जीबी आणायला 600 दिवस लागतील. माझ्याकडे आलेल्या दोघांपैकी एकजण मोबाइलवरच होता. त्याला मी हा आकडा सांगितला तर तो म्हणाला, "मंग तं भाऊ, दोन धान निघतील एवढ्यात." तीन निघतील, उन्हाळी धरलं तर.

घरच्या तारेलाही महिन्याची मर्यादा असते. बऱ्याच योजनांमध्ये ती 3300 जीबी असते आणि ती ओलांडली की वेग दोन-चार मेगाबिटांवर येतो. 1200 त्यात बसतात. पण घरात मालिका बघणं चालूच असतं आणि एखादा मोठा भाग अर्धा येऊन तुटला की तोही या मोजणीत धरला जातो. म्हणून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करणं बरं. अॅमेझॉनच्या मोठ्या कोठारांसारख्या, मुळात धंद्यासाठी असलेल्या ठिकाणी माल ठेवला असेल तर वेगळीच मर्यादा: चढवायला फुकट, उतरवायला पैसे. अमेरिकेतल्या त्यांच्या केंद्रांतून महिन्याला पहिले 100 जीबी मोफत, पुढे जीबीला साधारण नऊ सेंट. 1200 जीबी उतरवायचे तर 99 डॉलर. त्यांचा सर्वांत स्वस्त "खोल" साठा घेतला असेल तर मागणी केल्यावर माल बाहेर काढायलाच 12 तास, अगदी स्वस्तातली मागणी असेल तर 48 तासांपर्यंत, उतरवणं त्यानंतर. घरगुती माणसानं तिकडे न जाणंच बरं, असं माझं मत.

आता माझ्या चुका, घडल्या त्या क्रमानं.

डिस्क गेल्याबरोबर मी नवीन रिकामी डिस्क आणली, तिला जुन्या डिस्कचंच नाव दिलं आणि संगणकाला जोडली. वर माल चढवणारा प्रोग्राम तसाच चालू होता. बॅकअप आणि सिंक यांतला फरक मला शब्दांत माहीत होता, हाताला माहीत नव्हता. सिंक म्हणजे आरसा. इकडे जे दिसतं तेच तिकडे दिसायला हवं, एवढंच त्याला कळतं. इकडे रिकामी डिस्क दिसली की आरसा समजतो मालकानं सगळं पुसलं, आणि तोही आज्ञाधारकपणे पुसायला लागतो. माझे कागदपत्रांचे तीन फोल्डर वरच्या कचराकुंडीत गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं. कचराकुंडी होती म्हणून वाचलो. गूगल ड्राइव्हच्या कुंडीत पुसलेली फाइल 30 दिवस राहते, गूगल फोटोजच्या कुंडीत वर चढलेला फोटो 60 दिवस. त्यानंतर कायमचं.

खऱ्या बॅकअप सेवांमध्ये दुसरं घड्याळ असतं. जोडलेली डिस्क महिनाभर दिसली नाही तर ती मालकानं मोडीत काढली असं धरून काही सेवा तिची प्रत पुसून टाकतात. म्हणजे डिस्क गेली त्या दिवसापासून तुमचे दिवस मोजले जात असतात. म्हणून पहिलं काम उतरवण्याचं नाहीच. पहिलं काम: चढवणारा प्रोग्राम थांबवायचा, संगणकावर बसून नुसत्या ब्राउझरनं वर जाऊन माल जागेवर आहे का बघायचं, आणि सेवेत "जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या" असा काही खटका असेल तर तो वाढवून ठेवायचा.

वर जायचं म्हणजे दार उघडायला हवं. पासवर्ड होता. पण नव्या यंत्रावरून आत शिरताना सेवेनं खात्रीसाठी सहा आकडे मागितले, आणि ते आकडे गेले वडिलांच्या जुन्या सिमवर. खातं काढलं तेव्हा घरात एकच चांगला फोन होता. सुदैवानं ते सिम देवघराच्या डबीत होतं आणि रिचार्ज केल्यावर चालू झालं. तसं नसतं तर मी आजही ओळख पटवत बसलो असतो. याहून कठीण प्रकार स्वतःच्या किल्लीनं कुलूप लावलेल्या बॅकअपचा. व्हॉट्सअॅपनं 2021 पासून बॅकअपला असं कुलूप लावायची सोय दिली आहे: पासवर्ड, नाहीतर 64 अंकांची किल्ली. ती हरवली तर कंपनीसुद्धा ते उघडू शकत नाही. कुलूप चांगलंच आहे, पण किल्ली त्याच फोनमध्ये जपून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

यानंतर बारदाना.

मोठा माल एकदम मागितला की बहुतेक सेवा त्याचे झिप बांधून देतात. गूगलच्या टेकआउटमध्ये एकेक गाठोडं किती मोठं हवं ते आपण निवडतो: एक, दोन, चार, दहा किंवा पन्नास जीबी. मी माझ्या सेवेकडून पन्नास-पन्नासची चोवीस गाठोडी मागवली. नवीन डिस्क दोन टीबीची. 1.2 टीबी मालाला दोन टीबी डिस्क भरपूर झाली असं कोणालाही वाटेल. मी गाठोडी उतरवत गेलो आणि झिप न पुसता सोडत गेलो. सोडलेला माल गाठोड्याइतकाच मोठा असतो, कारण फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, झिपमध्ये आणखी दबत नाहीत. म्हणजे 1200 गाठोड्यांचे आणि 1200 सुट्या मालाचे, एकूण 2400. एका मध्यरात्री डिस्क भरली. वर माल होता, तार होती, संगणक होता. पोती नव्हती.

यातून वाट आहे, पण ती आधी माहीत हवी. एक गाठोडं उतरवा, सोडा, मोजा, झिप पुसा, मग दुसरं. किंवा दोन डिस्क ठेवा, एक नुसती गाठोड्यांसाठी. डिस्क घेताना डब्यावरचा आकडाही थोडा समजून घ्यावा लागतो. डब्यावरचा टीबी हजाराच्या पटीतला, विंडोज मोजतं 1024 च्या पटीत, म्हणून दोन टीबीची डिस्क जोडल्यावर 1.81 दिसते. दुकानदारानं फसवलेलं नसतं. आणि जुन्या पेनड्राइव्ह-डिस्कवर एफएटी32 नावाची मांडणी असेल तर तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, मग कितीही जागा रिकामी असो. माझं एकेक नाटक तिच्या दारातच अडकलं असतं. मांडणी एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवी.

पन्नास जीबीचं गाठोडं मागवणं हीदेखील चूकच होती. तीस मेगाबिटांवर ते यायला पावणेचार तास लागतात. आमच्याकडे पावणेचार तास सलग वीज असेलच असं नाही. अठ्ठेचाळीस जीबी आले, दिवे गेले, राउटर बंद, आणि ब्राउझरनं पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. असं तीनदा. दहा जीबीचं गाठोडं पाऊण तासात येतं, तुटलं तर पाऊण तासच वाया. पण मग गाठोडी एकशेवीस होतात, आणि टेकआउटसारख्या ठिकाणी गाठोड्यांचे दुवे साधारण आठवडाभरच जिवंत राहतात. पूर्ण वेगानं पावणेचार दिवस. खऱ्या जगात तार साठ टक्क्यांनी वाहिली तर सव्वासहा. सात दिवसांच्या मुदतीत जेमतेम. म्हणून मी शेवटी एकदम सगळं मागणं सोडलं आणि वर्षावर्षानं मागायला लागलो. आधी एक वर्ष, ते हातात आलं, मोजलं, की पुढचं. दुवा मेला तरी एकाच वर्षाचा मरतो.

इथे दोन साध्या गोष्टींनी माझा वेग जवळजवळ दुप्पट झाला. पहिली, राउटरपासून संगणकापर्यंत दोनशे रुपयांची लॅन वायर. भिंतीपलीकडच्या वायफायवर मला तीसातले सोळा-सतराच मिळत होते. दुसरी, राउटर आणि भिंतीवरचा तो फायबरचा छोटा डबा इन्व्हर्टरवर घेतला. दोन्ही मिळून एका छोट्या बल्बाइतकी वीज खातात. आणि लॅपटॉपची झोप बंद केली. पहिल्या दोन रात्री मी झोपलो की अर्ध्या तासानं तोही झोपत होता, आणि सकाळी मी तारेला शिव्या घालत होतो.

फोटोंचं गणित व्हिडिओपेक्षा वेगळं. फोटो सुटे उतरवले तर प्रत्येक फाइलसाठी संगणक वर विचारायला जातो, उत्तर घेऊन येतो. या ये-जा करण्याला सेकंदाचा पाचवा भाग धरला तरी 1,10,000 फोटोंचे सहा तास नुसते विचारण्यात जातात. उतरवायचा वेळ वेगळा. एकाच वेळी आठ-दहा फाइली मागणारा प्रोग्राम हा वेळ खाऊन टाकतो. आरक्लोन नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, दिसायला रुक्ष, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण अनेक सेवांशी बोलतो, एकावेळी अनेक फाइली ओढतो आणि तुटला तर पुन्हा चालवल्यावर आलेलं सोडून उरलेलंच आणतो. शेवटचे चारशे जीबी मी त्यानंच आणले. सुरुवातीलाच सापडला असता तर हा लेख निम्मा झाला असता.

तारेला बाजूला ठेवून माल थेट हातानं आणायचीही पद्धत आहे, आणि ती जुनाट मुळीच नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकन सेवा मागितल्यास तुमचा माल डिस्कवर भरून कुरिअरनं पाठवते. डिस्क 30 दिवसांत परत केली तर तिचे पैसे परत. अॅमेझॉननं 2016 मध्ये तर ट्रकवर बसवलेलं कोठार काढलं होतं, शंभर पेटाबाइटचं, कंपन्यांचा माल वाहायला. 2024 मध्ये ती सेवा बंद केली. आमच्या नागऱ्याला अमेरिकेतून डिस्क मागवणं परवडणारं नाही. पण माझा पुतण्या नागपूरला राहतो आणि त्याच्याकडे वेगवान तार आहे. त्यानं चारशे जीबी त्याच्याकडे उतरवले आणि भाऊबीजेला येताना विदर्भ एक्सप्रेसनं पिशवीत घालून आणले. मी सहज गणित केलं. पूर्ण 1200 जीबी त्या पिशवीत असते आणि नागपूर ते गोंदिया दोन-अडीच तास धरले, तर विदर्भ एक्सप्रेसचा वेग सेकंदाला हजार मेगाबिटांच्या वर जातो. आमच्या घरच्या तारेच्या तीसपट. गाडी उशिरा आली तरी.

कशाला आधी उतरवायचं हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मी "सगळं निवडा" दाबलं होतं. पहिल्या चार दिवसांत माझ्याकडे तीन नाटकं आली आणि सातबाराची एकही प्रत आली नाही, नेमकी तेव्हा हवी असताना. कागद आधी का, याचं मोठं उदाहरण मंत्रालयाचं: 21 जून 2012 ला तिथे आग लागली, वरचे मजले जळाले आणि असंख्य फायली गेल्या. त्यानंतर दुसऱ्या कार्यालयांत पडलेल्या प्रतींवरून, स्कॅन केलेल्या पानांवरून फायली पुन्हा उभ्या करायचं काम सुरू झालं. फाइल गेली तरी अर्ज करणारा माणूस उद्या दारात येणारच असतो. घरीही तसंच. आता मी कोणालाही सांगतो: पहिल्या दिवशी कागदपत्रं. माझे सगळे पन्नास जीबी पावणेचार तासांचं काम होतं, बँक, शेती, शाळा, सगळं त्यात. मग घरचे फोटो. नाटकं शेवटी, त्यांना कोणी घाईनं मागत नाही. बायकोनं सहाव्या दिवशी विचारलं, "पोरीच्या बारशाचे आले का?" आणि मी दंडारीचं, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचं, चित्रीकरण उतरवत बसलेलो होतो. त्यावर जे झालं ते लिहीत नाही.

माल आला की काम संपलं असं वाटतं. आलेला माल मोजायचा असतो, केंद्रावर कट्टे मोजतात तसा. पहिली मोजणी नगांची: वर किती फाइली, खाली किती. दुसरी वजनाची: एकूण बाइट. तिसरी खरी. प्रत्येक फाइलचा एक लांबलचक आकडा काढता येतो, तिच्यातला एक बिट जरी बदलला तरी तो आकडा पार बदलतो. याला चेकसम म्हणतात. बऱ्याच सेवा वर असा आकडा ठेवतात, आणि आरक्लोनसारखा प्रोग्राम खालच्या फाइलचा काढून ताडून बघतो. माझ्या एका पन्नास जीबीच्या गाठोड्यात नग बरोबर होते, वजन बरोबर होतं, आणि एका नाटकाचा शेवटचा पाऊण तास हिरव्या चौकटींनी भरला होता. पहिली पाच मिनिटं बघून मी "आलं" म्हणून खूण केली होती. व्हिडिओ शेवटून उघडून बघावा.

फोटोंच्या तारखा हा वेगळा ताप. गूगल टेकआउट फोटोबरोबर एक छोटी जेसन फाइल देतं, त्यात तारीख, जागा, तुम्ही घातलेलं वर्णन असतं. फोटो खाली आल्यावर संगणक त्याला आजची तारीख लावतो. कॅमेऱ्यानं काढलेल्या फोटोच्या पोटात मूळ तारीख असते, ती वाचून पुन्हा लावता येते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोच्या पोटात ती नसते. त्याची तारीख फक्त फाइलच्या नावात असते, म्हणून नाव बदलायचा मोह टाळावा. माझ्या आतेभावानं लग्नाचे सगळे व्हॉट्सअॅप फोटो "लग्न 1, लग्न 2" असे केले आणि आता हळद आधी की वरात आधी हे चेहरे बघून ठरवावं लागतं.

आणि मराठीची स्वतःची दोन दुखणी. मंडळाच्या जुन्या स्मरणिका कृतीदेव आणि श्रीलिपीत टाइप केलेल्या. फाइली पूर्ण आल्या, चेकसम जुळला, उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. मला वाटलं माल बिघडला. बिघडलं काहीच नव्हतं. त्या काळातले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवायचे, आणि तो फॉन्ट जुन्या संगणकात राहिला. फॉन्ट चढवला की पान जिवंत झालं. म्हणून फॉन्टची फाइलही बॅकअपमध्ये ठेवायची असते. ती मी ठेवली नव्हती, गोंदियातल्या एका टायपिंगवाल्याकडून आणली.

दुसरं दुखणं फारच बारीक आहे आणि मला त्यानं दोन दिवस खाल्ले. शेवटच्या ताळ्यात प्रोग्राम म्हणाला, नऊ फाइली वर आहेत, खाली नाहीत. आणि त्याच वेळी म्हणाला, नऊ फाइली खाली आहेत, वर नाहीत. मी दोन्ही याद्या शेजारी-शेजारी लावल्या. नावं तीच. "दुसऱ्या रात्रीचं नाटक." "पाऱ्याची गोष्ट." "शेतकऱ्यांचा मोर्चा." डोळ्यांना एक अक्षराचा फरक दिसेना. शेवटी मला दिसलं की नवाच्या नवांमध्ये ऱ्या किंवा ऱ्यां होतं. हा जो अर्ध्या ऱ चा आकार आहे, तो संगणकाच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्तेवाला ऱ असं एकच चिन्ह म्हणून, नाहीतर साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच. ती नऊ चित्रणं पुतण्यानं कधीतरी त्याच्या जुन्या मॅकवर जोडून वर चढवली होती, आणि जुने मॅक फाइलीचं नाव साठवताना अशी अक्षरं फोडून ठेवत. माझ्याकडच्या नावांत ती जोडलेली होती. मराठी माणसाला जे अक्षर एक दिसतं ते यंत्राला दोन दिसत होतं. सगळी नावं एकाच तऱ्हेची करणारी एक ओळ आरक्लोनला देता येते. दिली, आणि ताळा जुळला.

एकदा जुळल्यावर दुसरी प्रत काढायची होती, नाहीतर पुढच्या टक-टकला पुन्हा सतरा दिवस. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडारा-गोंदियाकडच्या नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. कपाटातली डिस्क आणि शेजारच्या कपाटातली तिची प्रत एकाच पाण्यात जाते. वरची प्रत त्यासाठी हवी. पण वरचीच एकटी असून भागत नाही. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली, सरकारी कर्मचारी कामाच्या फाइली ठेवत तो 858 टीबीचा साठा गेला, आणि त्याची बाहेर प्रत नव्हती. फार मोठा आहे म्हणून काढली नव्हती, असं कारण सांगितलं गेलं. मोठा होता हे खरंच. हजार मेगाबिटांच्या तारेवरही 858 टीबी वाहायला 79 दिवस लागतात.

माझी दुसरी प्रत आता पुतण्याकडे नागपूरला आहे. दर सहा महिन्यांनी तो ती घेऊन येतो, मी नवा माल भरतो, तो परत नेतो. आणि मधल्या काळात मी वरून कुठलाही एक फोल्डर उतरवून बघतो, आकडा जुळतो का. परवा 2017 चा उतरवला. चारशे बारा फोटो, सगळे जुळले. त्यात एक माझ्या लक्षातच नव्हता: वडील मळणीच्या खळ्यावर रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर बसलेत आणि बोटानं ती मोजतायत.